किती ऋण सोडलं?

श्रीलंकेतलं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच वेळ दाखवतं. २१ एप्रिल २०१९ पर्यंत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी ईस्टर होता. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सणासाठी पुण्याहून नगरला घरी आलो होतो. पहाटेची उपासना झाली होती, घरी येऊन चहा-नाश्ता उरकला होता आणि आम्ही नऊच्या उपासनेला परत निघालो होतो. आजीला रिक्षात बसवताना तिच्या पांढऱ्या साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मी तो धरून उभा होतो. म्हणजे पावणेनऊ वाजले असतील. साधारण त्याच मिनिटांत कोलंबोतल्या कोच्चिकडे भागातल्या सेंट अँथनी चर्चमध्ये एका माणसाने स्वतःला उडवून दिलं. नेगोंबोजवळ कटुवापिटियाच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये दुसऱ्याने. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआत झायन चर्चच्या दारात आणखी एकाने. त्याच अर्ध्या-पाऊण तासात कोलंबोतली तीन मोठी हॉटेलं. मेलेल्यांचा आकडा पुढे २६०च्या वर गेला.

आमची उपासना चालू असताना माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. मी तो बाहेर काढला नाही, कारण आजी शेजारी होती.

बट्टिकलोआचं चर्च आमच्यासारखंच प्रोटेस्टंट. तिथे शब्बाथ शाळा सुटली होती आणि मुलं उपासना सुरू व्हायच्या आधी अंगणात खाऊ खात होती. मोठी बॅग घेऊन आलेल्या एका अनोळखी तरुणाचा चर्चमधल्या एका माणसाला संशय आला. त्याने त्याला आत जाऊ दिलं नाही. स्फोट बाहेरच झाला. तो माणूस गेला, अंगणातली बरीच मुलं गेली, आतली शेकडो माणसं वाचली. हे मी दुपारी जेवणानंतर फोनवर वाचलं. आमच्याकडेही शब्बाथ शाळेनंतर अंगणातच खाऊ वाटतात. बहुतेक वेळा पार्ले-जी आणि एक केळं.

संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि एका ओळीपाशी आजी थांबली. आमच्या मराठी प्रार्थनेत त्या ओळीत पाप हा शब्द नाही, अपराधही नाही. ऋण आहे. आम्ही आमचं देणं लागणाऱ्यांना मोकळं केलं, तसं तूही आम्हाला मोकळं कर, असा तिचा अर्थ. (माझा वसईचा कॅथलिक रूममेट तिथे ‘अपराध’ म्हणतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र देणं, कर्ज असाच आहे, त्यामुळे या एका बाबतीत आम्ही नगरकर पुढे.) आजी थांबली आणि म्हणाली, “त्या लेकरांच्या आयांनी आता हे कसं म्हणायचं रे?”

कोणी काही बोललं नाही. बाबांनी पुढची ओळ धरली.

* * *

आजीचा प्रश्न मी काही वर्षं बाजूला ठेवला होता. तो परत आला एका माणसामुळे: कोलंबोचे आर्चबिशप, कार्डिनल माल्कम रंजित.

या माणसाला सरळसोट संत म्हणून समोर ठेवण्यात अर्थ नाही. हल्ल्याच्या दिवशी त्यांची पहिली प्रतिक्रिया क्षमेची नव्हतीच. हे कृत्य जनावरंच करू शकतात, दोषींना शोधून जराही दया न दाखवता शिक्षा करा, अशा अर्थाचं ते बोलले. (प्राण्यांवर हा अन्याय, पण त्या सकाळी शब्द कोण मोजणार?) मग सूर बदलला. मुस्लिमांना हात लावू नका, कायदा हातात घेऊ नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. चर्चमधल्या मिसा बंद केल्या. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या निवासस्थानातल्या छोट्या चॅपलमध्ये मिसा केली आणि देशाने ती टीव्हीवर पाहिली. समोर राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान बसले होते.

आणि एका वर्षाने, १२ एप्रिल २०२०च्या ईस्टरला, लॉकडाऊनमुळे पुन्हा टीव्हीवरूनच, त्यांनी सांगितलं की आम्ही हल्लेखोरांना क्षमा केली आहे.

ही बातमी वाचून मी चिडलो होतो. ‘आम्ही’ म्हणजे कोण? ज्या बाईचा नवरा आणि दोन्ही मुलं एका बाकावर गेली, तिला कोणी विचारलं होतं का? ऋण जर तिचं असेल, तर ते सोडण्याचा अधिकार लाल टोपी घातलेल्या माणसाकडे कुठून आला? आणि दुसरं म्हणजे, ज्यांना माफ केलं ते तर मेलेले. जाहरान हाशिम, ज्याने हे सगळं उभं केलं, तो शांग्री-ला हॉटेलात स्वतःच्याच बॉम्बने मेला. मेलेल्याचं कर्ज माफ करायला बँकेचं काय जातं? नाहीतरी ते बुडीतच.

दुसऱ्या मुद्द्यावर माझं मत आता बदललं आहे. मेलेल्याला माफ करणं फुकट नसतं. त्याच्या गावाला, त्याच्या धर्माच्या माणसाला, त्याच्या आडनावाच्या दुकानदाराला त्याच्या बदली धरायची सोय त्यामुळे जाते. आणि सूड सहसा याच सोयीवर चालतो. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अजून तिथेच आहे. कोणीही दुसऱ्याच्या वतीने क्षमा करू शकत नाही. कार्डिनलही नाही.

पण माझा राग मुळातच चुकीच्या जागी बसला होता. मला वाटलं होतं की क्षमा केली म्हणजे विषय संपवला. त्या माणसाने नेमकं उलटं केलं.

* * *

इथे थोडं मागे जावं लागेल.

हल्ल्याच्या १७ दिवस आधी, ४ एप्रिलला, भारताच्या गुप्तचर यंत्रणेने श्रीलंकेला सावध केलं होतं. चर्च लक्ष्य आहेत हे सांगितलं होतं, जाहरान हाशिमचं नाव दिलं होतं. ११ एप्रिलला श्रीलंकेच्या पोलीस खात्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तशी चिठ्ठी फिरवली. ती काही सुरक्षा विभागांपर्यंत गेली. चर्चपर्यंत गेली नाही. पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे म्हणाले, मला माहीत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना म्हणाले, मलाही नव्हतं. या दोघांचं २०१८च्या ऑक्टोबरपासून इतकं बिनसलं होतं की पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकींना बोलावलंच जात नव्हतं. हल्ल्याच्या दिवशी सिरिसेना देशाबाहेर, सिंगापूरला होते.

आणि या सगळ्यात एक तपशील असा आहे की तो वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला होता. त्यावेळचे मंत्री हरिन फर्नांडो यांनी ट्वीट केलं की आपल्या वडिलांच्या कानावर हल्ल्याच्या शक्यतेची गोष्ट आली होती आणि मोठ्या चर्चमध्ये जाऊ नकोस असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. म्हणजे एका मंत्र्याच्या घरात इशारा पोचला होता. कार्डिनल म्हणाले, मला कळलं असतं तर मी रविवारची मिसा रद्द केली असती.

एवढंच करायचं होतं. कमांडो नको होते, ड्रोन नको होते. एक फोन करायचा होता.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट वाजला होता, डॅशबोर्ड लाल होता, आणि ज्याच्या हातात पेजर होता तो दुसऱ्या टीमशी भांडत होता.

२०१९च्या नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे देशाच्या सुरक्षेचं आश्वासन देऊन राष्ट्राध्यक्ष झाले. हल्ल्यानंतर आठवडाभरातच त्यांनी आपण उभे राहणार असल्याचं सांगितलं होतं. चौकशी आयोगाचा अहवाल २०२१च्या फेब्रुवारीत त्यांच्या हातात गेला. त्यात सिरिसेनांवर फौजदारी कारवाईची शिफारस होती. पुढे काही हलेना. मग ज्या कार्डिनलनी टीव्हीवर क्षमा जाहीर केली होती, त्यांनीच ७ मार्च २०२१ला ‘काळा रविवार’ पाळायला सांगितला. लोक काळे कपडे घालून मिसेला आले. पुढच्या वर्षी ते थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत जाऊन बोलले. सत्य सांगा, कोणाला माहीत होतं ते सांगा, का थांबवलं नाही ते सांगा, हीच मागणी.

बॉम्ब लावणाऱ्यांना माफी आणि फोन न करणाऱ्यांना नाही? पहिल्यांदा ऐकलं की हे उलटं वाटतं. माझ्या मित्राने तर विचारलंच, “खुन्याला सोडलं आणि वॉचमनला धरलं, हा कुठला न्याय?”

याचं उत्तर मला कुठल्याही धर्मग्रंथात सापडायच्या आधी माझ्याच एका लाजिरवाण्या रात्रीत सापडलं.

* * *

पहिल्या नोकरीत मला दहा महिने झाले होते. आमचा एक क्लायंट रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब चालवायचा. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला मी जुन्या अपॉइंटमेंट साफ करणारी स्क्रिप्ट टेस्ट डेटाबेसवर चालवली. निदान मला तसं वाटलं. माझ्यासमोर दोन टर्मिनल उघडी होती, दोन्ही काळी, दोन्ही सारखीच. मी चालवली ती प्रॉडक्शनवर. सकाळी माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला आली आणि कोणाचंच नाव यादीत नव्हतं. त्यात डायबेटिसचे म्हातारे होते. बॅकअपवरून सगळं परत आणेपर्यंत दुपार झाली.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. मी काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. त्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “होतं रे. विसरून जा.” क्लायंटला ‘तांत्रिक अडचण’ असा दोन ओळींचा मेल गेला. काय झालं, का झालं, कोणी कधीच लिहून काढलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, सुटल्याच्या आनंदाने.

आठ महिन्यांनी एका नव्या मुलाने तेच केलं. तीच दोन काळी टर्मिनल, तीच स्क्रिप्ट. या वेळी क्लायंट ऐकायला तयार नव्हता, कारण ही दुसरी वेळ होती. त्या मुलाकडून राजीनामा लिहून घेतला. त्या कॉलवर मी होतो. मी म्यूटवर होतो आणि कॉल संपेपर्यंत म्यूटवरच राहिलो.

मला माफी मिळाली होती, आणि तिचं बिल त्याने भरलं.

पुढच्या नोकरीत मला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ हा प्रकार कळला. आमच्या क्षेत्रात हा शब्द आता सगळीकडे आहे, एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली त्यावर लिहिल्यापासून तर फारच. काही बिघडलं की चूक करणाऱ्याला झोडपायचं नाही. पण सवलत तिथेच संपते. मिनिटामिनिटाची नोंद लिहायची. कोणाला काय दिसत होतं, कोणाला दिसायला हवं होतं, कुठला इशारा कोणी का वाचला नाही, सगळं. लोकांना वाटतं ही मऊ पद्धत आहे. अजिबात नाही. ‘विसरून जा’ ही मऊ पद्धत. माणसाला घाबरवलं तर तो लपवतो, म्हणून त्याला सोडायचं, आणि सोडायचं ते कशासाठी, तर सगळं बाहेर यावं म्हणून.

बॉम्बस्फोट म्हणजे सर्व्हर पडणं नव्हे, हे मलाही कळतं. पोस्टमॉर्टेममध्ये आपण धरून चालतो की सगळ्यांची नियत चांगली होती. जाहरान हाशिमची नव्हती. त्याच्या बाबतीत चौकशीने शोधून काढण्यासारखं फार थोडं उरतं, त्याला मारायचं होतं आणि त्याने मारलं. तिथे उरतो तो मेलेल्यांच्या घरच्यांच्या छातीतला दगड, आणि तो ठेवायचा की उतरवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण ज्यांच्या टेबलावर चिठ्ठी होती त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कोणाला मारायचं नव्हतं. त्यांना फक्त त्रास घ्यायचा नव्हता. हा प्रकार प्रत्येक देशात, प्रत्येक ऑफिसात असतो आणि तो माफीने जात नाही. माफीने तो पोसला जातो. माझ्या मित्राच्या वॉचमनचं उत्तर हे आहे: खुनी गेला, वॉचमनची नोकरी अजून चालू आहे, आणि पुढचा ईस्टरही येणार आहे.

* * *

मग मी शास्त्रात गेलो, कारण आजीचा प्रश्न शास्त्रातला होता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे, आम्हाला ती शब्बाथ शाळेत नाटक करून शिकवली होती. राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर जाऊन आपल्या सोबत्याचा शंभर नाण्यांसाठी गळा धरतो. नाटकात मी दोनदा सोबती झालो होतो, त्यामुळे गळा धरण्याचा भाग पक्का लक्षात आहे. पण गोष्टीची सुरुवात मी विसरलो होतो. राजा माफ करायला बसत नाही. तो हिशोब घ्यायला बसतो. चाकराला आणतात, रकमेचा आकडा सांगितला जातो, दहा हजार तालांत, म्हणजे माणसाला जन्मात फेडता येणार नाही इतका. मग तो गयावया करतो आणि मग माफी होते.

आकडा आधी, माफी नंतर.

ऋण हा शब्द इथे कामाला येतो. ‘अपराध’ धूसर असू शकतो, ऋणाला रक्कम असते. वही कोणी बघितलीच नसेल तर सोडलं काय? ती माफी नव्हे, वही हरवणं आहे.

आता या मोजपट्टीने बघितलं तर कार्डिनल रंजित यांच्या वहीतही पानं गहाळ आहेत, आणि ती पानं तमिळ आहेत. २००९ साली यादवी युद्ध संपलं तेव्हा उत्तरेत आणि पूर्वेत किती नागरिक मेले, किती बेपत्ता झाले, याचा हिशोब तमिळ आया वर्षानुवर्षं फोटो हातात धरून मागत होत्या. २०१२ साली जिनिव्हात श्रीलंकेविरुद्ध ठराव आला तेव्हा मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ आणि अनेक तमिळ धर्मगुरू चौकशीच्या बाजूने उभे राहिले. कोलंबोच्या आर्चबिशपांनी मात्र त्याकडे बाहेरची ढवळाढवळ म्हणून पाहिलं. दहा वर्षांनी ते स्वतः त्याच जिनिव्हात गेले. बट्टिकलोआच्या माणसांना हे कसं वाटलं असेल? त्याच गावात २००५च्या नाताळात, मध्यरात्रीच्या मिसेत, जोसेफ परराजसिंगम या तमिळ खासदाराला चर्चच्या आत गोळ्या घातल्या होत्या. त्याचा न्याय आजवर झालेला नाही. आपल्या घरात मेल्यावर हिशोब आठवतो, हे ख्रिस्ती माणसालाही चुकत नाही. तरी उशिरा का होईना वही उघडली, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

दुसरी गहाळ पानं मुस्लिमांची. सगळं सांगूनही मे २०१९ मध्ये नेगोंबोत आणि मग वायव्येकडच्या गावांत मुस्लिमांची घरं, दुकानं, मशिदी फोडल्या गेल्या. चिलाव या ख्रिस्तीबहुल गावात एका मुस्लिम दुकानदाराच्या फेसबुक पोस्टचा उलटा अर्थ काढून दगडफेक सुरू झाली. पुट्टलम जिल्ह्यात एका माणसाला जमावाने मारून टाकलं. दगड मारणाऱ्यांत ईस्टरला मिसेला जाणारेही होते, हे लपवून उपयोग नाही.

आणि नेगोंबोतच पाकिस्तानातून पळून आलेले शेकडो निर्वासित भाड्याच्या घरांत राहत होते, मुख्यतः अहमदिया, काही ख्रिस्ती. अहमदियांना पाकिस्तानात मुस्लिम म्हणवून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे मुस्लिम नाही म्हणून त्यांना हाकललं, आणि इथे मुस्लिम आहेत म्हणून घरमालकांनी बाहेर काढलं. ते मशिदीत आणि पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन राहिले. धर्मस्वातंत्र्यावर मी बरेच लेख वाचले आहेत, त्यातल्या एकानेही मला या एका प्रसंगाएवढं शिकवलं नाही.

हिशोब मागण्याचीही एक वाईट तऱ्हा असते. सरकारला कोणीतरी आत टाकून दाखवायचं असतं. हिजाझ हिजबुल्ला हे वकील ईस्टर हल्ल्याशी संबंध लावून एप्रिल २०२०मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली उचलले गेले आणि जामीन मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. ज्या महिन्यात ते सुटले त्याच महिन्यात माजी पोलीसप्रमुख पुजित जयसुंदरा आणि माजी संरक्षण सचिव हेमसिरी फर्नांडो यांना, ज्यांच्यावर प्रत्येकी ८५५ आरोप होते, कोर्टाने बचावाची बाजू ऐकायचीही गरज न वाटून निर्दोष सोडलं.

* * *

आपल्याकडे ही गोष्ट निघाली की कोणीतरी ग्लॅडिस स्टेन्सचं नाव घेतंच. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला तिचा नवरा ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने जाळून मारली. तिने क्षमा केली, बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांत आणखी काही वर्षं काम केलं, २००५ साली तिला पद्मश्री मिळाली. इथे क्षमा करणारी व्यक्ती योग्य होती, ऋण तिचं होतं. आणि तिने हेही स्पष्ट ठेवलं होतं की क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, त्यांची गल्लत करू नये. हे दुसरं वाक्य मात्र कोणाच्या फॉरवर्डमध्ये नसतं.

कारण पहिलं वाक्य सगळ्यांना आवडतं. अल्पसंख्याक माणूस क्षमा करतो तेव्हा बहुसंख्याकांना बरं वाटतं, आपण भल्या लोकांच्या देशात राहतो असं वाटतं. तोच माणूस एफआयआरची प्रत मागायला लागला की कटकट्या होतो. आणि आम्हीही या कौतुकाला चटावलो आहोत. कुठे प्रार्थना बंद पाडल्याची, पाळकाला मारल्याची बातमी आली की आमच्या मंडळीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ‘त्यांना क्षमा कर प्रभू.’ मी एकदा लिहिलं, “वकील बघायचा का?” दोन जणांनी अंगठा दिला. एका काकांनी खाजगीत मेसेज करून सांगितलं की असं ग्रुपवर बोलू नये, साक्ष बिघडते. मी काकांना उत्तर दिलं नाही, त्यांची भीती खरी आहे. पण भीतीला क्षमा म्हणायची सवय लागली की दोन्ही शब्द खराब होतात.

* * *

१२ जानेवारी २०२३ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इशारा मिळूनही हल्ला रोखला नाही, म्हणून लोकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला. सिरिसेनांनी स्वतःच्या खिशातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायची. जयसुंदरा आणि गुप्तचर प्रमुख निलंथ जयवर्धने यांनी प्रत्येकी साडेसात कोटी, हेमसिरी फर्नांडोंनी पाच कोटी. फौजदारी कोर्टात जे निर्दोष सुटले होते, त्यांच्याही नावापुढे इथे रक्कम लिहिली गेली.

माणसाचा जीव पैशात मोजता येत नाही, हे बरोबर आहे. पण ऋण म्हटल्यावर आकडा लागतो, आणि तो कोणीतरी, कुठल्यातरी वहीत, नाव घालून लिहिला.

त्याच महिन्याच्या शेवटी सिरिसेनांनी कॅथलिक समाजाची जाहीर माफी मागितली. त्याच दमात हेही सांगितलं की आपल्याला हल्ल्याची काही कल्पना नव्हती. म्हणजे देणं लागत नाही, पण सोडून द्या. पैसे त्यांनी हप्त्याहप्त्याने भरले. जयवर्धने यांना पोलीस सेवेतून काढलं गेलं ते जुलै २०२५मध्ये, हल्ल्याला सव्वासहा वर्षं होऊन गेल्यावर. हल्ल्यामागे कोणाचा राजकीय हात होता का, यावर २०२३ साली ब्रिटनच्या चॅनल फोरने गंभीर आरोप दाखवले, ज्यांच्यावर झाले त्यांनी ते नाकारले. ते पान अजून उघडंच आहे.

आजी आता नाही. ती पुढेही ती ओळ म्हणायची, पण त्या ईस्टरनंतर ‘ऋण’ शब्दाच्या आधी अर्धा क्षण थांबायची. मंडळीत सगळे पुढे जायचे आणि ती मागून येऊन गाठायची.

गेल्या एप्रिलमध्ये मी बसून ते पोस्टमॉर्टेम लिहिलं. माझ्या त्या रात्रीचं. वेळांसकट, दोन काळ्या टर्मिनलसकट, ‘विसरून जा’सकट, आणि आठ महिन्यांनंतरच्या त्या कॉलवर मी किती मिनिटं म्यूटवर होतो त्यासकट. कंपनीला पाठवायचा प्रश्नच नव्हता. त्या मुलाचा नंबर शोधला, तो आता हैदराबादला असतो. मेसेज केला की तुझ्या आधी ती स्क्रिप्ट मी चालवली होती, तुला हे माहीत नव्हतं, सगळं लिहून काढलं आहे, पाठवू का?

दोन दिवस निळ्या टिक्स होत्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. “पाठव. आधी वाचतो, मग बघू.”